इंटरनेट-विनिमयकेंद्राची तंत्रनिरपेक्ष व्याख्या : एक विवेचन

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे लोणी आणि उरुळी मागे टाकल्यावर दौंड तालुक्यातील यवत हे गाव लागते. रस्त्याला बरीचशी समांतर अशी लोहमार्गाची वाट आहे. तिचा पुणे ते दिक्सळ हा भाग १८५८ साली खुला झाला आणि यवतचे स्टेशन याच भागावर आहे. या गावात शेजारी शेजारी दोन घरे आहेत अशी कल्पना करू. एका घरी स्थानिक चालकाने प्रकाशतंतूवरून इंटरनेट पुरविले आहे; दुसऱ्या घरी एका मोठ्या मोबाइल कंपनीची जोडणी आहे. पहिल्या घरातील विद्यार्थ्याने आपल्या संगणकावरून दुसऱ्या घरातील मित्राच्या संगणकाकडे एखादी फाइल थेट पाठविली, तर ती कोणत्या वाटेने जाईल? दोन घरांमधील अंतर हाकेचे आहे. परंतु दोन्ही जाळी यवतला एकमेकांस भेटत नाहीत. ती जेथे भेटतील तेथपर्यंत फाइलीला जावे लागेल आणि तेथून परत यावे लागेल. ती जागा पुणे असू शकेल, मुंबई असू शकेल, आणि दोन्ही चालकांचे परस्परांशी काहीच नाते नसेल तर तिसऱ्या एखाद्या मोठ्या वाहकाचे जाळे मध्ये पडेल. एके काळी देशातील दोन चालकांमधील अशी वाहतूक परदेशी जाऊन येत असे. भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. खासगी चालकांना परवाने मिळू लागले १९९८ मध्ये. चालक अनेक झाले आणि त्यांना देशातल्या देशात जोडणारी सामाईक जागा मात्र नव्हती, हे त्या विलक्षण प्रवासाचे कारण होते.

अशी सामाईक जागा म्हणजेच इंटरनेट-विनिमयकेंद्र. सरकारच्या पुढाकाराने १९ जून २००३ रोजी नोंदविलेली 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया', म्हणजे 'निक्सी', ही या प्रकारची देशातील पहिली सर्वपरिचित संस्था होय. पुढे खासगी केंद्रेही निघाली आणि समुद्रतळाच्या तारा जेथे किनाऱ्याला लागतात ती मुंबई त्यांचे स्वाभाविक ठाणे बनली. वस्तू अस्तित्वात आली, तिचा उपयोग सर्वमान्य झाला. पण कायद्याच्या व धोरणाच्या भाषेत तिची व्याख्या काय करावी हा प्रश्न बराच काळ अनिर्णित राहिला. त्या प्रश्नातील एका अंगाचा, म्हणजे व्याख्या तंत्रनिरपेक्ष कशी ठेवावी याचा, विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे 'एक्स्चेंज' म्हटले की तालुक्याच्या गावातील टेलिफोन खात्याची इमारत डोळ्यांपुढे येते. ते एक्स्चेंज ग्राहकाला ग्राहकाशी जोडी. इंटरनेटचे विनिमयकेंद्र ग्राहकाला कोणाशीच जोडीत नाही. ते जाळ्याला जाळ्याशी जोडते. यवतच्या विद्यार्थ्याला केंद्राचे सभासद होता येणार नाही, त्याच्या चालकाला होता येईल. हा भेद क्षुल्लक वाटला तरी परवान्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. ग्राहकाला सेवा देणाऱ्यावर जी बंधने रास्त असतात (ग्राहकांच्या नोंदी, तक्रारनिवारण, दरपत्रक इत्यादी) ती ज्याला ग्राहकच नाहीत त्याच्यावर लादण्यात अर्थ नसतो. भारतात मात्र विनिमयकेंद्रांसाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग नव्हता. ही त्रुटी ओळखून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १८ नोव्हेंबर २०२२ रोजीच्या शिफारशींत विनिमयकेंद्रांसाठी एकीकृत परवान्याखाली वेगळी अधिकृतता असावी असे सुचविले, आणि दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाल्यानंतर १७ फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींत जाळेविषयक अधिकृततांमध्ये विनिमयकेंद्र-चालकाचा निराळा उल्लेख केला. वेगळा वर्ग करावयाचा म्हटला की त्याची कड कोठे काढावयाची हे सांगणे आलेच. म्हणून व्याख्येचा प्रश्न आता केवळ पंडिती राहिलेला नाही.

तंत्राच्या नावाने व्याख्या केली म्हणजे काय होते याचे उत्तर दूरसंचाराच्या इतिहासात भरपूर सापडते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात 'तार' या संज्ञेचा मूळ अर्थ वीज, गॅल्व्हनिक प्रवाह व चुंबकत्व यांच्या साधनांनी संदेश धाडणारी उपकरणे असा दिला होता. १९६१ च्या दुरुस्तीने ती व्याख्या बदलून चिन्हे, संकेत, लेखन, प्रतिमा, ध्वनी वा कोणत्याही स्वरूपाची वार्ता वाहून नेणारी साधने तिच्यात आणली आणि तारेबरोबर दृश्य, विद्युच्चुंबकीय व रेडिओ लहरींचाही समावेश केला. त्या वर्षी प्रकाशतंतूवरून दूरसंचार होत नव्हता आणि इंटरनेटची कल्पनाही कोणी मांडली नव्हती. तरीही १९९८ नंतरचे इंटरनेटचे परवाने याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाखाली देता आले. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. तार गेली, तारेचा कायदा मात्र त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ देशातील सर्व दूरसंचाराचा आधार राहिला. रुंद व्याख्येचे आयुष्य किती असते याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. 'तार' या शब्दाची कक्षा जसजशी वाढली तसतसा तो अधिकारही वाढला. आणि टेलिफोन, रेडिओ, इंटरनेट यांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत असा अनन्य अधिकार असावा की नसावा, याची चर्चा त्या त्या वेळी विधिमंडळात मुळापासून झाली असे म्हणता येत नाही. इंग्लंडात हेच १८८० साली घडले होते. एडिसन टेलिफोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने टेलिफोन म्हणजे तारच असे ठरविले. ज्या १८६३ व १८६९ च्या कायद्यांवर हा निर्णय आधारला होता ते झाले तेव्हा बेलचा टेलिफोन जन्मालाही यावयाचा होता. शब्द व्यापक होते म्हणून टपालखात्याची मक्तेदारी एका नव्या शोधावर आपोआप जाऊन बसली. तंत्रनिरपेक्षता हा निखळ गुण आहे, असे धोरणविषयक लेखनात गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. साधनाविषयी मौन पाळणारी व्याख्या दुसऱ्या कशाविषयी तरी काटेकोर असली पाहिजे. नाही तर ती निरपेक्ष न राहता केवळ सैल होते, आणि सैल व्याख्येचा लाभ बहुधा ज्याच्या हाती अधिकार आहे त्यालाच मिळतो.

ती 'दुसरी गोष्ट' कोणती हे पाहण्यासाठी यवतच्या लोहमार्गाकडे परत वळणे उपयोगी होईल. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमात थेट वाहतूक या अर्थाची एक संज्ञा होती. दोन किंवा अधिक रेल्वे-प्रशासनांच्या मार्गांवरून जी वाहतूक नेली जाते ती थेट वाहतूक, असा तिचा आशय होता. या व्याख्येत रुळांच्या रुंदीचा उल्लेख नाही, इंजिनाचा नाही, डब्याच्या जातीचा नाही. त्याच सुमारास पुण्याला काय स्थिती होती? मुंबईहून पुण्यावरून यवत-दौंडकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे रुंदमापी होती, तर पुण्याहून मिरजेकडे निघालेली सदर्न मराठा रेल्वे मीटरमापी. यवतला चढविलेला माल मिरजेस जावयाचा तर पुण्याला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागणार. रुळ जुळत नव्हते, डबे जुळत नव्हते, तरी कायद्याच्या लेखी ती थेट वाहतूकच होती. कारण व्याख्येने पाहिले ते दोन स्वतंत्र प्रशासनांमधील नाते. हाच अधिनियम चालकशक्तीच्या बाबतीतही सावध होता. गाडी ओढण्यासाठी इंजिने 'किंवा अन्य चालकशक्ती' वापरण्याची मुभा त्यात होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती या शब्दांच्या कक्षेत सहज बसणारी होती. पुणे-दौंड मार्गावर विजेच्या तारा आल्या त्या एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तोवर १८९० चा अधिनियम जाऊन १९८९ चा आला होता.

म्हणजे चांगल्या व्याख्येत दोन प्रकारचे शब्द असतात : काही नात्याविषयीचे, काही साधनाविषयीचे. पहिले घट्ट असावेत, दुसरे शक्य तो नसावेत.

आता या कसोटीवर विनिमयकेंद्राच्या प्रचलित व्याख्या लावून पाहू. केंद्र चालविणाऱ्याला इंटरनेटवरील अंकपत्ते लागतात. ते देणाऱ्या प्रादेशिक नोंदणीसंस्थांना, कोणाला केंद्र मानून खास पत्ते द्यावयाचे हे ठरवावे लागे. म्हणून पहिल्या काटेकोर व्याख्या तेथे झाल्या. भारतापुरते हे काम निक्सीच्याच छत्राखाली २०१२ पासून 'इरिन' ही नोंदणीसंस्था करीत आहे. युरोपच्या 'राइप' या नोंदणीसंस्थेच्या २००२ मधील धोरणात अशी व्याख्या होती. तिचा सारांश असा : एकाच संस्थेने चालविलेली, दुसऱ्या स्तरावरील भौतिक जाळ्याची अशी रचना, जिचा हेतू इंटरनेट-सेवाचालकांमध्ये वाहतुकीची देवघेव सुलभ करणे हा आहे, जिच्यावर किमान तीन सेवाचालक जोडलेले आहेत, आणि जिच्यात इतरांना येण्यासाठी स्पष्ट व खुले धोरण आहे.

व्याख्या सुबक आहे यात शंका नाही. 'किमान तीन' आणि 'खुले धोरण' हे तिचे दोन शब्दप्रयोग नात्याविषयीचे असून आजही उपयोगी पडतात. दोनच जाळी जोडली तर तो खासगी करार होय. तिसरे आले की सामाईक व्यवस्था सुरू होते. चौथ्याला दार बंद असेल तर तो क्लब होईल, केंद्र नव्हे. पण बाकीचे तीन शब्द पाहा. 'भौतिक', 'दुसऱ्या स्तरावरील' आणि 'सेवाचालक'. यांपैकी प्रत्येकाने पुढे अडचण केली.

'दुसरा स्तर' हा जाळेशास्त्रातील संकेत आहे. इथरनेटच्या स्विचमध्ये जी चौकट एका दारातून आत येऊन दुसऱ्यातून बाहेर पडते, ती दुसऱ्या स्तरावरची. तिच्या आतील इंटरनेट-पत्ता वाचून मार्ग ठरविणारा राउटर तिसऱ्या स्तरावरचा. २००२ साली बहुतेक केंद्रे इथरनेटच्या स्विचवर चालत, म्हणून तसे लिहिले गेले. पण त्याआधी सातच वर्षे मागे जा. ३० एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील सरकारी आधारजाळे बंद झाले, तेव्हा त्याच्या जागी जी चार जोडठाणी नेमण्यात आली होती त्यांपैकी शिकागो व सॅन फ्रान्सिस्को येथील ठाणी असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड या तंत्रावर उभारली होती. (त्याचे आद्याक्षरी नाव एटीएम, बँकेच्या यंत्राशी त्याचा संबंध नाही. धोरणाच्या मसुद्यात आद्याक्षरे का टाळावीत याचे हे आणखी एक कारण समजावे.) न्यूयॉर्कसाठी नेमलेल्या ठाण्यात एफडीडीआय हे आणखी तिसरेच तंत्र होते. त्या वर्षी कोणी कायद्यात तंत्राचे नाव घातले असते तर दहा वर्षांत तो कायदा एका नामशेष वस्तूचा कायदा झाला असता. आज उलट दिशेने तेच घडत आहे. मोठ्या केंद्रांमध्ये दुसऱ्या स्तराची चौकट तिसऱ्या स्तराच्या पॅकेटात गुंडाळून नेण्याची व्हीएक्सलॅनसारखी तंत्रे आली आहेत. सभासदाला बाहेरून स्विच दिसतो, आत मात्र मार्गनिर्धारण चालू असते. असे केंद्र दुसऱ्या स्तरावरचे की तिसऱ्या? प्रश्नाला उत्तर नाही, आणि धोरणाच्या दृष्टीने त्याची गरजही नाही.

'भौतिक' या शब्दाचीही गत तीच. आरंभी केंद्र म्हणजे एका इमारतीतील एक कपाट असे. आज एकच केंद्र शहरातील पाच-सहा डेटा सेंटरांत पसरलेले असते आणि सभासद दुसऱ्या शहरातून भाड्याच्या वाहिनीने त्याला जोडला जातो. 'केंद्र' हा आपला मराठी शब्दही या बाबतीत थोडा फसवा आहे. तथापि रूढ झाल्यामुळे तो येथे ठेवला आहे.

सर्वांत अधिक नुकसान केले ते 'सेवाचालक' या शब्दाने, आणि तो तर तंत्राचा शब्दही नाही. येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. व्याख्या जशी यंत्राला बांधली जाते तशीच ती विशिष्ट काळातल्या परवाना-व्यवस्थेलाही बांधली जाते, आणि दुसरे बंधन डोळ्यांना चटकन दिसत नाही. आज केंद्राला जोडली जाणारी जाळी केवळ परवानाधारक चालकांची नसतात. विद्यापीठे, बँका, चित्रपट व वृत्त पुरविणाऱ्या कंपन्या, सरकारी माहितीकेंद्रे या सर्वांची स्वतःची जाळी असतात. त्यांना 'सेवाचालक' म्हणणे ओढूनताणून होते; न म्हणावे तर ती व्याख्येबाहेर राहतात.

परवान्यातील अशा अश्मीभूत अवशेषाचा एक नमुना यवतच्या वाचकाला जवळचा वाटेल. एकीकृत परवान्याच्या चौकटीत इंटरनेट-चालकांचे तीन वर्ग होते : 'अ' वर्गाला सारा देश, 'ब' वर्गाला साधारणतः एखादे राज्य, आणि 'क' वर्गाला एक 'सेकंडरी स्विचिंग एरिया'. हे शेवटचे क्षेत्र बहुधा जिल्ह्याएवढे असे. परंतु त्याची सीमा आखली होती ती ट्रंक टेलिफोनच्या स्विचांच्या सोयीने. ज्या स्विचांसाठी ती रेषा काढली त्यांचा इंटरनेटशी काही संबंध नव्हता. तरी तालुक्यातील छोट्या चालकाने कोठपर्यंत सेवा द्यावी हे ती रेषा ठरवीत राहिली. अशा चालकाला जिल्ह्याबाहेर मुंबईच्या केंद्रावर जावयाचे तर दुसऱ्याची वाहिनी भाड्याने घ्यावी लागे, आणि तो खर्च मुळातच तुटपुंज्या उत्पन्नातून करावा लागे. निक्सीच्या आरंभीच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. जो सभासद जितकी वाहतूक देतो त्याहून अधिक घेतो, त्याने फरकाचे पैसे भरावयाचे. ज्याचे ग्राहक मुख्यतः घरी बसून पाहणारे-वाचणारे आहेत, तो चालक स्वभावतःच घेणारा. म्हणजे खेड्यांकडे सेवा नेणाऱ्यावर भार, साठा बाळगणाऱ्यास सूट. त्याच नियमांत प्रत्येक चालकाने आपल्या विभागातील सर्व मार्ग केंद्राच्या राउटरला कळविलेच पाहिजेत असेही होते. हे शब्दशः घेतले तर नियमात यंत्राचे नाव आले, आणि ज्या केंद्रात राउटर नाही, केवळ स्विच आहे व सभासद परस्परांशी थेट बोलतात, त्याला हा नियम लावताच येणार नाही. स्वेच्छेने देवघेव करण्याचे तत्त्वही त्यात उरत नाही. त्या वेळी मोठ्या चालकांना टाळाटाळ करू न देण्यासाठी ही सक्ती केली असावी, आणि तो हेतू गैर नव्हता. पण ते एका केंद्राचे अंतर्गत धोरण होते. 'विनिमयकेंद्र म्हणजे काय' याचे उत्तर नव्हे. धोरण आणि व्याख्या यांची सरमिसळ झाली की एका संस्थेची कार्यपद्धती सबंध वर्गाचे लक्षण होऊन बसते.

यानंतरचा टप्पा युरोपीय संघाच्या निर्देशांचा. २०१६ च्या जाळे-सुरक्षाविषयक निर्देशात विनिमयकेंद्राची व्याख्या करताना स्तराचा उल्लेख गाळला गेला. दोनांहून अधिक स्वतंत्र 'स्वायत्त प्रणालीं'ना जोडणारी सुविधा. ती फक्त अशा प्रणालींनाच जोडते. कोणत्याही दोन सभासदांमधील वाहतूक तिसऱ्याच्या प्रणालीतून जावी असे बंधन ती घालीत नाही. आणि वाहतुकीत ती फेरफार वा ढवळाढवळ करीत नाही. यातील शेवटची दोन लक्षणे नकारात्मक आहेत आणि म्हणूनच बळकट आहेत. केंद्र काय करते हे तंत्राबरोबर बदलेल. त्याने काय करू नये हे बदलण्याचे कारण नाही. तिसऱ्याच्या जाळ्यातून न्यावे लागत असेल तर ती वाहकाची विक्रीची सेवा झाली, विनिमय नव्हे. मजकुरात हात घातला तर तो सेन्सॉर झाला.

तरी याही व्याख्येत एक तांत्रिक गाठ राहिलीच आहे. 'स्वायत्त प्रणाली' हा शब्द साधा दिसला तरी बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल या मार्गव्यवस्थेचा तो पारिभाषिक शब्द आहे. १९९६ च्या एका तांत्रिक टिपणात त्याचा अर्थ असा दिला आहे : ज्या पत्तासमूहांचे मार्गविषयक धोरण एकच व स्पष्ट आहे असा परस्परांशी जोडलेला गट. प्रत्येक गटाला क्रमांक मिळतो. हे क्रमांक प्रथम सोळा बिटांचे होते. ते पुरेनात म्हणून २००७ पासून बत्तीस बिटांचे मान्य झाले. कोणी व्याख्येत 'सोळा बिटांचा क्रमांक धारण करणारे जाळे' असे लिहिले असते तर काय झाले असते हे उघड आहे. परंतु 'क्रमांक धारण करणारे जाळे' असे लिहिणे तरी कितपत सुरक्षित? मार्गव्यवस्थाच बदलली तर? २०२२ च्या सुधारित निर्देशात 'स्वतंत्र जाळी' हे शब्द मुख्य करून 'स्वायत्त प्रणाली' कंसात घातल्या आहेत. हा फरक मसुदा लिहिणाराच्या सावधगिरीचा द्योतक वाटतो : नाते मजकुरात, आजचे तंत्र कंसात. याच पद्धतीचा पुढचा टप्पा म्हणजे कंसातील शब्द व्याख्येतून काढून अनुसूचीत वा नियमांत ठेवणे. व्याख्या संसदेने बदलावी लागते, नियम खात्याला बदलता येतात. ज्याचे आयुष्य कमी ते सहज बदलेल अशा जागी असावे. २०२३ च्या भारतीय अधिनियमात दूरसंचाराची व्याख्या तार, रेडिओ, प्रकाशीय किंवा अन्य विद्युच्चुंबकीय साधनांनी संदेशांचे प्रेषण वा ग्रहण अशी आहे, आणि वाटेत त्या संदेशांवर गणनादी प्रक्रिया झाली तरी फरक पडत नाही असेही म्हटले आहे. ती रुंद आहे. २६ जून २०२४ पासून अंमलात आहे. एवढ्या रुंद छत्राखाली विनिमयकेंद्राची व्याख्या जर तितकीच रुंद राहिली, तर १८८५ च्या कायद्याविषयी जी शंका वर व्यक्त केली तीच येथे लागू होते.

या विवेचनाच्या आधारे, विद्यार्थ्यांना तपासून पाहण्यासाठी म्हणून, एक मसुदा पुढे ठेवतो : तीन किंवा अधिक परस्परस्वतंत्र जाळ्यांना आपापली इंटरनेट-वाहतूक, परस्परसंमतीने, कोणत्याही त्रयस्थ जाळ्याच्या वहनावाचून आणि तीत फेरफार न होता, सामाईक सुविधेद्वारे एकमेकांस देता-घेता यावी याच प्रमुख हेतूने चालविलेली, आणि प्रसिद्ध व समान अटींवर नव्या जाळ्यांस खुली असलेली व्यवस्था म्हणजे इंटरनेट-विनिमयकेंद्र.

यातील 'वाहतूक' हा शब्द मुद्दाम घातला आहे. पुष्कळ केंद्रांत मार्ग-सर्व्हर नावाचे यंत्र असते. प्रत्येक सभासदाने प्रत्येकाशी वेगळे बोलण्याऐवजी सर्व जण आपले मार्ग त्याला कळवितात व ते इतरांना कळविते. त्याचा स्वतःचा प्रणाली-क्रमांक असतो. म्हणून कोणी म्हणेल की हे त्रयस्थ जाळे झाले. परंतु त्याच्यातून जाते ती मार्गाची वार्ता. माल जात नाही. दोन व्यापाऱ्यांची गाठ घालून देणाऱ्याने पोते उचललेले नसते. 'संमतीने' या शब्दालाही काम आहे. एखाद्या सभासदावर बनावट वाहतुकीचा हल्ला झाला असता त्याच्याच विनंतीवरून केंद्र ती वाहतूक गिळून टाकते. हा फेरफार म्हणावा काय? सभासदाने मागितला म्हणून झाला असेल तर नव्हे. केंद्राने आपण होऊन वा दुसऱ्याच्या सांगण्यावरून केला असेल तर होय. सुव्यवस्थेसाठी सरकारला तसे सांगण्याचा अधिकार अन्य कायद्याने असू शकेल. पण तो व्याख्येच्या पोटात शिरता कामा नये.

मसुदा तीन प्रसंगांवर लावून पाहावा. हे प्रसंग कल्पित आहेत, जागा मात्र ओळखीची आहे. पहिला : दौंड तालुक्यातील चार छोटे चालक, एक महाविद्यालय आणि एक सहकारी बँक यांनी यवत व दौंड यांच्या दरम्यान एखाद्या खोलीत एक स्विच बसविला व सातव्या-आठव्यास येण्याची अट फलकावर लावली. जुन्या व्याख्येत महाविद्यालय व बँक बसली नसती. या मसुद्यात व्यवस्था केंद्र ठरते, स्विचऐवजी उद्या दुसरे यंत्र आले तरी ठरते. या खोलीवर राष्ट्रीय चालकाइतकी बँक-हमी लादली तर ती उभीच राहणार नाही, हे वेगळे सांगावयास नको. म्हणजे व्याख्येइतकेच व्याख्येला जोडलेल्या अटींकडेही पाहिले पाहिजे. दुसरा प्रसंग : पुण्यातील एक डेटा सेंटर आपल्या भाडेकरूंना एका कपाटातून दुसऱ्या कपाटापर्यंत सुटी तार टाकून देते. दोघांची सोय होते, पण सामाईक सुविधा नाही, तिघांचा संबंध नाही. हे केंद्र नव्हे आणि त्याला केंद्राचा परवाना मागू नये. रुंद व्याख्येचा पहिला बळी असा डेटा सेंटरवाला होईल.

तिसरा प्रसंग अवघड आहे. एकाच उद्योगसमूहाच्या तीन कंपन्या आहेत. तिघींचे क्रमांक वेगळे, मार्गधोरणे कागदोपत्री वेगळी, मालक एक. त्यांनी आपसांत जोडणी केली, चौथ्याला येण्याच्या अटी प्रसिद्धही केल्या, पण अटी अशा की चौथा कधी येऊ नये. 'परस्परस्वतंत्र' या शब्दाने येथे मालकी पाहावी, व्यवस्थापन पाहावे, की मार्गधोरण? मार्गधोरण पाहावे तर व्याख्या तंत्राकडे परत जाते. मालकी पाहावी तर ती कंपनी-कायद्याच्या आधाराने ठरवावी लागेल, आणि एकाच सरकारच्या मालकीची दोन भिन्न जाळी, उदाहरणार्थ एक विद्यापीठाचे व एक रेल्वेचे, ही परस्परस्वतंत्र नाहीत असा विपरीत निष्कर्ष निघेल. प्रस्तुत लेखकाचा कल व्यवस्थापनाकडे आहे : कोणाशी जोडून घ्यावयाचे व कोणाशी नाही हा निर्णय दुसऱ्याला न विचारता जो घेऊ शकतो तो स्वतंत्र. परंतु हे पुराव्याने सिद्ध कसे करावयाचे, आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर ठेवावा की नियामकावर, याचा निर्णय व्याख्येच्या शब्दांतून होत नाही. त्यासाठी अर्जाचा नमुनाच समोर ठेवून बसावे लागेल.